प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड? ८० हजारांतल्या गेमिंग पीसीचा वाद

सदाशिवपेठी

परवा एका इंजिनिअरिंगच्या पोराने विचारलं होतं, मॉनिटर सोडून ८० हजारांत गेमिंग पीसी कसा जुळवू? मॉनिटर आधीच घेतलाय, १४४०पी (२५६० गुणिले १४४० पिक्सेल). खेळणार काय, तर सायबरपंक, हॉगवर्ट्स लेगसी असले कथेवाले गेम. त्याला तिघाचौघांनी मिळून सांगितलं की रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर घे आणि उरलेल्या पैशांत बसेल ते ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड लाव, कार्ड काय, नंतर बदलता येतं. हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा.

१४४०पी म्हणजे एका फ्रेमला, पडद्यावरच्या एका चित्राला, जवळपास ३७ लाख पिक्सेल, १०८०पी म्हणजे साधारण २१ लाख. हे वाढीव काम सगळं कार्डाच्या बोकांडी बसतं. प्रोसेसरला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, कार्डाला काय काढायला सांगायचं, हे दोन्हीकडे तेवढंच. म्हणून अशा गेमना २०२२ सालचा एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर आजही पुरतो. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड.

आणि ८ जीबी? मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस' पीसीवर आला तेव्हाच ८ जीबीवाल्यांची त्रेधा उडाली होती. पुढे पॅच आले, बरंच सुधारलं, पण टेक्श्चरची भूक काही कमी झाली नाही. एन्व्हिडियाच्या २०२१च्या आरटीएक्स ३०६० कार्डावर १२ जीबी आणि २०२५च्या ५०६० वर ८. याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

माझं उत्तर: ५६०० आणि एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी कार्ड, तेही १६ जीबीवालंच. (त्याच नावाने ८ जीबीचंही विकतात. खोक्यावरचा आकडा वाचून घ्या.)

एक_टक्का_लो

पिक्सेलचा हिशोब ऐकायला छान आहे हो, पण आज १४४०पी वर १४४०पी खेळतो कोण? डीएलएसएस किंवा एफएसआर हे अपस्केलिंग 'क्वालिटी'वर टाकलं की गेम आतून १७०७ गुणिले ९६० ला काढला जातो आणि मग मोठा केला जातो. म्हणजे तुमचे ३७ लाख गेले, उरले १६ लाख. १०८०पी पेक्षाही कमी! कार्डाचं ओझं उतरलं की गाडी प्रोसेसरवर येऊन अडते. त्यात रे ट्रेसिंग (प्रकाशाचा किरणागणिक हिशोब) चालू केलं तर प्रोसेसरचंही काम वाढतं, हे कुणी सांगत नाही.

दुसरं, सरासरी फ्रेम दाखवून लोकांना फसवू नका. त्रास देतात ते सर्वात वाईट एक टक्का फ्रेम. गर्दीच्या चौकात कॅमेरा फिरवला की जो झटका बसतो ना, तो बहुतेक वेळा प्रोसेसरचा. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या पोटातली जलद मेमरी) ३२ एमबी, ७८००एक्स३डी मध्ये ९६. लागणारी माहिती तिथेच सापडली की रॅमपर्यंतची खेप वाचते. आणि हे पोरगं आज कथेवाले गेम म्हणतंय, होस्टेलवर गेलं की चार मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ असले ऑनलाइन नेमबाजीचे गेम खेळणार. २४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २४० चित्रं हवी असली की, एका फ्रेमसाठी जेमतेम ४.२ मिलिसेकंद मिळतात. तिथे तुमचं १६ जीबी लोणचं घालायला ठेवा.

सदाशिवपेठी

अपस्केलिंगचा मुद्दा रास्त आहे. पण मोठं करायचं काम कोण करतं? कार्डच. नंतरचे इफेक्ट पूर्ण १४४०पी वर कोण चढवतं? तेही कार्डच. आणि व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, तितक्या प्रमाणात वाचत नाही, कारण टेक्श्चर तीच राहतात. राहता राहिला ५६००. तो दमतो तिथेही कथेवाल्या गेममध्ये बहुतेक वेळा सेकंदाला साठ फ्रेमच्या वर असतो. ८ जीबीवालं कार्ड भरलं की काय होतं ते पाहिलंय का? आकडा नीट दिसतो आणि भिंती मात्र चिखलाने सारवल्यासारख्या.

व्हॅलोरंटच खेळायचा असता तर त्याने १४४०पी मॉनिटर घेतला नसता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या ना, होस्टेलचं भविष्य कशाला सांगता.

लॅमिंग्टनवारी

तुम्ही दोघे भांडताय खरे, पण मदरबोर्डाचा विचार कुणीच करत नाही. कार्ड बदलणं म्हणजे दोन स्क्रू आणि एक वायर. प्रोसेसर बदलताना सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) संपलं असेल तर बोर्ड गेला, रॅम गेली, अर्धा पीसी पुन्हा घ्यायचा. ५६०० चं एएम४ सॉकेट आता संपल्यात जमा. १२४००एफचं सॉकेटही तसंच, इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये डेस्कटॉपच्या नव्या पिढीला वेगळं सॉकेट दिलं. नव्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. त्यामुळे त्यावरचा रायझन ५ ७६०० आणि बेताचं कार्ड, हा माझा मधला मार्ग. ७६०० मध्ये कार्डाशिवाय पडदा चालवणारं छोटंसं अंगचं ग्राफिक्स आहे, जे ५६०० आणि 'एफ'वाल्या इंटेलमध्ये नाही. कार्ड वॉरंटीला गेलं की याचं मोल कळतं. माझं एकदा दीड महिना गेलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही, पण तोवर पीसी म्हणजे टेबलावरचं नुसतं खोकं.

जाता जाता: १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या बिलावर कार्ड घेऊ नका. वॉरंटीला गेलात की बिल आधी मागतात.

सदाशिवपेठी

मालक, एएम५ ला डीडीआर५ रॅम लागते. २०२५ संपता संपता रॅमचे भाव कुठे गेले ते तुमच्या लॅमिंग्टन रोडवरच विचारून या. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवता पुरवता आपल्यासारख्यांना कुणी विचारेना. डीडीआर४ही महागली आहे, पण तिच्या जुन्या काड्या निदान कुणा मित्राकडे पडलेल्या असतात. उद्याच्या सॉकेटसाठी आजचं कार्ड कापायचं, हे मला पटत नाही.

रेंडरताई

इंजिनिअरिंगचा मुलगा आहे म्हणता, म्हणजे ब्लेंडर (३डी चित्रांचं सॉफ्टवेअर), क्युडा (एन्व्हिडियाच्या कार्डावर प्रोग्रॅम चालवायची सोय), काहीतरी शिकणारच. तुम्ही सगळे रेडिऑन सुचवून मोकळे झालात. मी घरी रेंडरिंगची कामं करते. ब्लेंडरमध्ये एन्व्हिडियाचं ऑप्टिक्स हे रेंडरिंगचं तंत्र जितकं सुरळीत चालतं, तितकं दुसरीकडे चालताना मी तरी पाहिलं नाही. १६ जीबी हवं हे मान्य, पण मग आरटीएक्स ५०६० टीआयचं १६ जीबीवालं घ्या.

एक_टक्का_लो

ताई, तेवढे पैसे वाढवायचे तर मग प्रोसेसरच का नको? ;-)

रेंडरताई

कारण प्रोसेसरवर रेंडर लावून रात्रभर पंख्याचा आवाज ऐकायची हौस मला उरलेली नाही.

वऱ्हाडी_वाघ

भाऊ, मी अकोल्याचा. आपल्याकडं बी४५० बोर्ड हाय, रायझन ५ ३६०० अन् जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. सध्या दोनातलं एकच बदलू शकतो. तुमचं भांडण वाचून डोकं गरगरलं राजेहो. काय करू ते सांगा ना.

लॅमिंग्टनवारी

आमचं कुणाचंच ऐकू नका, मशीनला विचारा. तुमच्या नेहमीच्या गेममध्ये एका जागी उभे राहा, फ्रेम बघा. मग रिझोल्यूशन ७२०पी करा, ग्राफिक्स सगळं 'लो'. फ्रेम दणक्यात वाढल्या तर अडचण कार्डाची. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसरची. फ्रेमवर मर्यादा लावली असेल तर आधी काढा, व्ही-सिंकही (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद. नाहीतर आकडा तिथेच अडेल आणि बिचाऱ्या प्रोसेसरला शिव्या बसतील.

सदाशिवपेठी

आणि कार्ड घ्यायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा. बी४५० वर कार्ड जोडायची वाट जुनी, पीसीआय एक्स्प्रेस ३.० आहे. ५०६० टीआय त्या वाटेच्या आठच लेन वापरतं, ९०६० एक्सटी सोळा. जुन्या बोर्डावर त्यातल्या त्यात ८ जीबीवालं आठ-लेनचं कार्ड सर्वात जास्त मार खातं, कारण व्हीरॅम भरली की त्याच अरुंद वाटेने रॅममधून माल ओढावा लागतो.

वऱ्हाडी_वाघ

करून पाह्यलं. सायबरपंक ७२०पी लो वर टाकला तं फ्रेम धडाधड वाढल्या. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मात्र हूं का चूं नाही, होत्या तेवढ्याच.

सदाशिवपेठी

बघा! सायबरपंक. कार्डच.

एक_टक्का_लो

बघा! काउंटर-स्ट्राइक. प्रोसेसरच. वाघोबा, दिवसातून जास्त वेळ काय खेळता ते सांगा आधी.

वऱ्हाडी_वाघ

खरं सांगू का, काउंटर-स्ट्राइकच. सायबरपंक रविवारी.

एक_टक्का_लो

मग विषयच संपला. त्याच बोर्डावर मोठ्या कॅशचा ५७००एक्स३डी बसतो. मिळाला तर घ्या, नाहीतर ५६००. ५५०० किंवा ५६००जी गळ्यात मारतील, त्यांना हात लावू नका. त्यांत एल३ कॅश १६ एमबीच.

सदाशिवपेठी

एवढ्यापुरतं चालेल. पण रविवारचा सायबरपंक १६६० सुपरवर तसाच रखडणार, आणि १४४०पी वाल्या पोराबद्दलचं माझं मत जिथे होतं तिथेच आहे.

लॅमिंग्टनवारी

वाघ, प्रोसेसर काढण्याआधी जुन्यावरच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. बी४५० चा जुना बायोस ५००० मालिका ओळखत नाही. आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो.

वऱ्हाडी_वाघ

आमच्याकडं ढग दिसला का लाइट जाते भाऊ. शेजारच्या काकाचा यूपीएस मागून आणतो, मंग करतो.