६जी वेल्डिंग टेस्ट आहे, पण डब्ल्यूपीएस (वेल्ड कसं मारायचं ते लिहिलेला कागद) नाही आणि रॉड उघड्यावर. आधी काय बघायचं?

भोसरी_वेल्डर
पुढच्या आठवड्यात पाइपिंगच्या ठेकेदाराकडे टेस्ट आहे. फोनवर एवढंच कळलं: दोन इंची पाइप, ६जी (पाइप ४५ अंशात कललेला, फिरवायचा नाही), रूट म्हणजे तळाचा पहिला थर टिगने, वर ७०१८ रॉड. शेड्यूल (पाइपच्या जाडीचा वर्ग) कोणतं, गॅप किती, तपासणी एक्स-रे की बेंड (पट्टी वाकवून), काहीच नाही. जाऊन आलेले सांगतात की रॉडचं पाकीट फोडून तसंच ठेवलेलं असतं, सहा जणांत एक ग्राइंडर आणि मशीन शेडच्या दाराशी, म्हणजे वारा. आर्क मारण्यापूर्वी काय तपासावं? फेल झालो तर दुसरी संधी असते का?

टंगस्टन२४
आधी डब्ल्यूपीएस मागा. एएसएमई कोडच्या सेक्शन नाइनमध्ये वेल्डरची टेस्ट डब्ल्यूपीएसनुसारच घ्यायची असते, त्यामुळे तो कागद मागणं म्हणजे नखरे नव्हेत.

शेड्यूल नक्की विचारा. बाहेरचा व्यास ६०.३ मिमीच, पण ८० ला जाडी ५.५४ आणि १६० ला ८.७४. शेड्यूल ८० वर टिगचा हॉट पास (रूटवरचा दुसरा थर) जाड मारलात तर ७०१८ ला जेमतेम कॅपपुरती, म्हणजे सगळ्यात वरच्या थरापुरती जागा उरते.

टोकं बहुतेक गॅसने कापलेली मिळतात. काळा थर आतून-बाहेरून २०-२५ मिमी चकचकीत होईपर्यंत घासा, नाहीतर रूटमध्ये पोरोसिटी (बारीक भोकं) ठरलेली. बेव्हल (कडेचा उतार) ३७.५ अंश, रूट फेस (कडेचा न उतरवलेला भाग) १ ते १.५ मिमी, गॅप साधारण ३ मिमी. गेज नसेल तर ३.१५ च्या रॉडचा फ्लक्स झाडून आतली तार गॅपमध्ये घाला. तीन टॅक (पाइप जागेवर धरायचे छोटे टाके), पण पहिला टॅक थंड झाल्यावर गॅप पुन्हा मोजा. तिथे आवळते आणि समोर उघडते. सहा वाजताच्या जागी टॅक नको. टॅकची टोकं उतरती घासून घ्या, नाहीतर तिथेच रूट जोडला जात नाही.

वाऱ्याबद्दल: बाहेरून पत्रा आडवा लावतात आणि पाइपची तोंडं उघडी ठेवतात. ४५ अंशात कललेला पाइप चिमणीसारखा हवा ओढतो आणि ती गॅपमधून थेट पडलपर्यंत (वितळलेल्या धातूपर्यंत) येते. दोन्ही तोंडांना मास्किंग टेप लावा, एका बाजूला बारीक भोक ठेवा. आर्गन मिनिटाला ८ ते १२ लिटर. वारा आहे म्हणून २० वर नेलं तर झोत खवळतो आणि उलट हवाच आत खेचतो.

रॉड_आणि_ओव्हन
७०१८ चं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. नसेलच, तर रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजलेले हवेत. नेमकं तापमान पाकिटावर असतं. पोर्टेबल ओव्हन फक्त सुका रॉड गरम राखतो. ओला रॉड त्यात सुकत नाही, ही गल्लत सगळीकडे होते.

एकाच मशीनवर दोन्ही कामं असतील तर पोलॅरिटी बदलायची आठवण ठेवा: टिगला टॉर्च मायनसवर, ७०१८ ला होल्डर प्लसवर. टॉर्च चुकून प्लसवर राहिला तर टंगस्टनच्या टोकाचा लगेच गोळा होतो. अर्थिंगचा क्लॅम्प रंगवलेल्या स्टँडवर लावलेला असतो; जागा घासून लावा. मशीनवरच्या आकड्यावर न जाता भंगार तुकड्यावर करंट ठरवा, २.५ च्या रॉडला ७० ते ९५ अँपिअरमध्ये बसतो. रॉड पेटवताना १०-१५ मिमी पुढे पेटवून मागे या, म्हणजे सुरुवातीची भोकं वितळून जातात.

जुना_फिटर
सगळं खरं, पण एवढ्या मागण्या ऐकून सुपरवायझर सरळ घरी पाठवतो.

क्यूसी_तळोजा
आर्कपूर्वी शांतपणे दाखवलं तर सहसा नाही पाठवत. फेल झाल्यावर "रॉड ओले होते" म्हटलं की ती सबब ठरते, कारण रिपोर्टवर नाव तुमचं असतं, रॉडचं नाही.

लगेच रिटेस्ट कोडमध्ये आहे: त्याच पोझिशनमध्ये लागोपाठ दोन कूपन (टेस्टचे तुकडे), दोन्ही पास व्हायला हवीत. द्यायची की नाही हे कंपनी ठरवते. बेंड असेल तर ६जी ला चार पट्ट्या कापतात. वाकवल्यावर ३ मिमीपेक्षा मोठी उघडी फट दिसली की फेल.

कूपनवर आपला नंबर पंच करून घ्या आणि बारा वाजताची खूण करा. सहा जणांचे सारखेच तुकडे एका टोपलीत पडले की अदलाबदल होते. कानस, तारेचा ब्रश, चिपिंग हातोडी स्वतःची न्या. रूट घासायला परवानगी आहे का, तेही आधीच विचारा.

भोसरी_वेल्डर
तुकडा आधीच टॅक करून दिला आणि गॅप १ मिमीच असेल तर?

टंगस्टन२४
टॅक कापून पुन्हा जुळवायची परवानगी मागा. ती नाही मिळाली तर टॅक सोडून बाकी गॅपमध्ये पातळ कटिंग डिस्क फिरवून ती मोकळी करता येते, पण हेही विचारूनच. १ मिमीवर करंट वाढवून रूट पाडायला जाऊ नका. बाहेरून भरलेला दिसतो आणि आत दोन्ही कडा कोऱ्या राहतात.