अँटिबॉडीचा पीक पसरतोय, आणि ब्लँकमध्येही उठतोय

प्रश्न:
मोनोक्लोनल अँटिबॉडी (एक मोठं प्रोटीन) रिव्हर्स्ड फेजवर, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीवर, चालवतेय. सी-१८ कॉलम (१८ कार्बनच्या साखळ्यांचा), त्यातल्या कणांची छिद्रं म्हणजे पोअर १०० अँगस्ट्रॉम, तापमान ४० अंश, पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्के टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल). पीक (आलेखातला उंचवटा) रुंद येतो, मागे लांब शेपूट. लगेच ब्लँक (अँटिबॉडी नसलेला नमुना) मारला की त्याच वेळेला छोटा पीक दिसतो. ग्रेडियंट (अ‍ॅसिटोनायट्राइल वाढवत नेण्याचा क्रम) बदलला, नीडल वॉश (सुई धुण्याचा द्राव) बदलला, काही फरक नाही.

उत्तर:
ग्रेडियंट राहू द्या, आधी कॉलम बदला. अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची, व्यास साधारण १० नॅनोमीटर, म्हणजे १०० अँगस्ट्रॉमच. पोअरही तेवढाच! ती आत शिरणार कशी आणि बाहेर येणार कशी? किमान ३०० अँगस्ट्रॉमचा सी-४ (४ कार्बनच्या साखळ्यांचा) घ्या, ४५० किंवा १००० चा मिळाला तर उत्तमच. तापमान ७०-८० अंशांवर न्या, फक्त कॉलमची मर्यादा आधी बघा. ४० अंशांवर अँटिबॉडी कॉलमला चिकटून राहते, सगळी सुटतच नाही.

ब्लँकचं म्हणाल, तर इंजेक्शन न देता नुसता ग्रेडियंट चालवा. तरीही पीक आला तर माल कॉलममध्ये अडकलाय. ब्लँक इंजेक्ट केल्यावरच येत असेल तर सुई, लूप, व्हॉल्व्ह तपासा. एवढं कळल्याशिवाय वॉश बदलण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्ती:
इंजेक्शनशिवायही आला, म्हणजे कॉलमच. ३०० चा सी-४ लावला, ७५ अंश ठेवले. पीक छान अरुंद झालाय, नंतरचा ग्रेडियंट स्वच्छ! पण मुख्य पीकच्या आधी एक बारीक पीक आलाय, तो पूर्वी नव्हता.

दुसरं उत्तर:
तो लगेच अशुद्धी म्हणून नोंदवू नका. आम्लात इतक्या उष्णतेला प्रोटीनची साखळी तुटू शकते, अ‍ॅस्पार्टिक आम्ल-प्रोलिनचा जोड तर खासच नाजूक. तोच नमुना दुप्पट लांब ग्रेडियंटवर चालवा. बारीक पीकचं टक्केवारी क्षेत्रफळ वाढलं तर तो कॉलमवरच तयार होतोय. मग तापमान पाच-पाच अंशांनी उतरवा आणि दर पायरीला मुख्य पीकचं क्षेत्रफळ बघा. ते घटू लागलं की रिकव्हरी (कॉलममधून परत मिळणारा माल) जातेय, त्याच्या वरच्या पायरीवर थांबा.

प्रश्नकर्ती:
हे आजच लावते. पुढे मास स्पेक (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) जोडायचाय, टीएफए चालेल का?

पहिलं उत्तर देणारे:
सिग्नल बराच दबेल. डायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल वापरून बघा. नुसत्या फॉर्मिक आम्लावर सिग्नल वाढतो, पण पीक पुन्हा पसरायला लागतो.