बूस्ट सेन्सर बदलूनही कोड परत येतोय

प्रश्न: बीएस6 ट्रेलर, चढावर ओढत नाही. स्कॅनरवर एसपीएन 102 (बिघाड कुठे: बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब), एफएमआय 4 (बिघाडाचा प्रकार). सेन्सर नवा टाकला तरी तेच. टर्बो उतरवू का?

उत्तर: टर्बोला हात लावू नका, दादा. एफएमआय 4 म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज खाली गेलाय, बूस्ट नव्हे. चावी ऑन, इंजिन बंद, कनेक्टर काढून मीटर लावा. एका पिनवर 4.75 ते 5.25 व्होल्ट हवेत. नसतील तर त्याच सप्लायवरचे बाकी सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा प्लग निघताच 5 व्होल्ट परत येतात, तो शॉर्ट. 5 व्होल्ट ठीक असतील तर सिग्नलची वायर ब्रॅकेटला घासून बॉडीला लागतेय का बघा.

उत्तर: एक भर. कनेक्टर परत जोडून, चावी ऑन पण इंजिन बंद असताना स्कॅनरवर सेन्सरचं रीडिंग बाहेरच्या हवेच्या दाबाइतकं हवं, समुद्रकाठी साधारण 100 किलोपास्कल, पुण्यात 95च्या आसपास. रीडिंग हळू हलत असेल तर सेन्सरच्या भोकात काजळी असते. क्लीनर मारा, तार खुपसू नका, आतला पडदा फाटतो.

प्रश्नकर्ता: कनेक्टरच्या पिनवर हिरवट थर आहे.

उत्तर: मग पाणी शिरलंय. पिना आणि रबर सील दोन्ही बदला, नुसतं घासून चालणार नाही.