सुलकाटा कासवाचं पिल्लू: ठाण्यात, फ्लॅटमध्ये, कमी खर्चात घर कसं करावं?

मानपाडा_पूर्वबाल्कनी

नमस्कार. मानपाड्याला सहाव्या मजल्यावर फ्लॅट आहे. पुढच्या महिन्यात आफ्रिकन सुलकाटा जातीचं पिल्लू घरी येतंय. पाठ साधारण सहा सेंटिमीटर, वजन ५५ ग्रॅम. ज्यांच्याकडे जन्मलं त्यांची नोंदणी आहे, कागद सोबत देणार आहेत. हॉलच्या कोपऱ्यात चार फूट बाय दोन फूट जागा मोकळी आहे आणि बजेट दिव्यांसकट आठ हजार. माशांचा एक जुना अडीच फुटी काचेचा टँक पडून आहे, तो चालेल का? दिवा नक्की कुठला घ्यायचा, की बाल्कनीतलं सकाळचं ऊन पुरेल? आपल्याकडे हवा इतकी दमट असताना माती ओली ठेवायची गरज असते का? आणि जांभळी नाक्याला मिळणाऱ्या पालेभाज्यांवर त्याचं भागेल का?

खाडीकाठ

सामानाआधी दोन गोष्टी.

कागद. सुलकाटा ही परदेशी जात साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येते. २०२४ च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश २.० पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तुमच्या स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. आधीच्या मालकाची नोंदणी तेवढ्याने पुरत नाही. पिल्लू हातात घेताना मांड्यांच्या मागचे टोकदार खवले बघा आणि पाठ बघा. सुलकाटाची पाठ वाळूच्या रंगाची असते, प्रत्येक खवल्याला तपकिरी किनार. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषा चांदणीसारख्या फाकलेल्या असतील तर ते आपलं भारतीय तारा कासव आहे. ते अनुसूची १ मध्ये आहे, कुठलेही कागद दाखवले तरी घरी ठेवता येत नाही. तसं निघालं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आकार. हे जगातल्या सगळ्यात मोठ्या जमिनीवरच्या कासवांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेला नर ४० किलोच्या पुढे जातो आणि कित्येक दशकं जगतो. फ्लॅटमधली सोय ही पहिल्या दीड-दोन वर्षांची आहे. त्यानंतर मुरबाड, कर्जतकडे कुंपण घातलेली जमीन कुणाची, याचं उत्तर पिल्लू आणायच्या आधीच तयार असायला हवं. नंतर जमत नाही म्हणून उपवन तलावावर किंवा येऊरला सोडून येणं हा पर्याय नाही. तलावात ते बुडेल, ही पोहणारी जात नाही.

रंधा_ऐरोली

काचेचा टँक नको. अडीच फुटांत एक टोक गरम आणि दुसरं गार राहत नाही, दिव्याखाली सगळाच तापतो. शिवाय कासवाला काच कळत नाही, दिवसभर कोपऱ्यात पाय मारत बसतं.

प्लायचा पेटारा करा. १२ मिलिमीटर जाडीच्या एका ८ x ४ फुटी शीटमध्ये अख्खा बसतो. शीट मधोमध कापा, ४ x ४ चे दोन तुकडे. एका तुकड्याचे ४ x २ चे दोन भाग करा: एक तळ, एक झाकण. दुसऱ्या तुकड्यातून १६ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काढा. दोन पट्ट्या म्हणजे लांब बाजू, तिसरी अर्ध्यात कापली की आखूड बाजू. करवतीत प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर जातात, म्हणून पट्ट्या आधी कापून घ्या आणि त्यांच्यावरून बाकीचं माप धरा. आखूड बाजू लांब बाजूंच्या आत बसतात, त्यामुळे त्या प्रत्येकी २४ मिलिमीटरने कमी करायच्या, हे सुताराला मुद्दाम सांगा. कापून देणारा प्लायवाला शोधलात तर घरी फक्त स्क्रू मारायचं काम उरतं.

तळाला आणि बाजूंना १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत जाड पीव्हीसी फ्लोअरिंग शीट लावा, कोपरे सिलिकॉनने बंद करा. सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस उघडं ठेवा. आतून वॉर्निश किंवा रंग लावू नका, उष्णतेने वास सुटतो. झाकणाच्या एका टोकाला एक फूट चौकोन कापून तिथे वेल्डमेश बसवा. बल्ब त्या जाळीच्या वर राहील, प्लायला खेटून नाही.

पेटारा स्टुलांवर ठेवणार असाल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. उरलेल्या पाल्याला मुंग्या लागतात आणि त्या पिल्लाचे डोळे, पापण्या चावतात.

कोकोपीट

आतलं सामान मी सांगते. घोडबंदर रोडच्या कुठल्याही नर्सरीत कोकोपीटची पाच किलोची वीट मिळते, भिजल्यावर ६०-७० लिटर होते. तुमच्या पेटाऱ्यात आठ सेंटिमीटरच्या थराला जवळपास तेवढंच लागतं. खत मिसळलेलं घेऊ नका. बादलीत दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. रेती, लाकडाचा भुसा, कृत्रिम हिरवळ यातलं काही नको. रेती आणि हिरवळीचे धागे पोटात जाऊन आतडं बंद होतं.

गार टोकाला मातीची कुंडी आडवी, अर्धी पुरून ठेवा, ही लपायची जागा. पाण्याला कुंडीखालची मातीची बशी, दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नको आणि काठ कोकोपीटच्या पातळीला. बल्बखाली कडाप्प्याचा तुकडा, खरखरीत बाजू वर. चढून उलटं पडेल असा दगड किंवा पायरी बल्बच्या जवळपास ठेवू नका. पिल्लू दिव्याखाली पाठीवर अडकलं तर तासाभरात संपू शकतं.

दुपारचा_पारा

पैसे वाचवायचे ते पेटाऱ्यात वाचवा, यूव्ही दिव्यात नाही. त्यावरच कवचाचं आणि हाडांचं सगळं अवलंबून आहे.

दिवे दोन लागतात आणि दोघांची कामं वेगळी. उष्णतेसाठी साधा पिवळा ४० वॉटचा बल्ब, चिनी मातीच्या होल्डरमध्ये. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. कडाप्प्यावर ३५ ते ३७ अंश यायला हवेत. कमी पडलं तर ६० वॉट. यूव्हीबीसाठी (उन्हातले अतिनील किरण, ज्यांच्यावर हाडं पोसतात) टी५ एचओ म्हणजे बारीक, जास्त ताकदीच्या प्रकारची दोन फुटी सरळ ट्यूब, पाच-सहा टक्के यूव्हीबीची. सोळा इंची पेटाऱ्यात ती पिल्लाच्या पाठीपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर येते, त्या अंतराला याहून जास्त ताकद नको. ट्यूब झाकणाच्या आतल्या बाजूला लावा, जाळीवर ठेवली तर मोठा हिस्सा जाळीच खाते. सीएफएलसारखा पीळदार यूव्ही दिवा स्वस्त दिसतो, पण त्याचा उपयोगी पट्टा अगदी छोटा असतो. वर्षाने ट्यूब बदलायची. डोळ्यांना उजेड तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र कमी झालेलं असतं.

खर्चाचा अंदाज: ट्यूब आणि पट्टी तीन-साडेतीन हजार, प्लाय दोन हजारांच्या आसपास, उरलेल्यात बल्ब, टायमर, थर्मोस्टॅट, कोकोपीट. आठात बसतं.

कळवा_नाका

पूर्वेची बाल्कनी आहे तर ट्यूब कशाला? रोज अर्धा तास ऊन दाखवलं की झालं. फुकटात होतं.

दुपारचा_पारा

@कळवा_नाका ऑक्टोबर ते मे तुमचं बरोबर आहे, ऊन ट्यूबपेक्षा सरसच. पण जून ते सप्टेंबर ठाण्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही आणि पिल्लाच्या वाढीचे महिने तेच असतात. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात यूव्हीबी नसतंच. म्हणून ट्यूब हवीच, आणि उन्हाच्या दिवसांत सकाळी साडेआठनंतर वीस-तीस मिनिटं बाल्कनी. त्यासाठी पसरट प्लास्टिकचा टब घ्या, अर्ध्यावर सावली आणि वर जाळी. ग्रिलमधून कावळा आत येतो, सहा सेंटिमीटरचं पिल्लू त्याच्या चोचीत सहज मावतं. काचेच्या टँकमध्ये ठेवून उन्हात कधीच नको, आतलं तापमान काही मिनिटांत जीवघेणं होतं.

मानपाडा_पूर्वबाल्कनी

धन्यवाद सगळ्यांना. पण आर्द्रतेचं अजून कळलं नाही. आमच्या हॉलमध्ये पावसाळ्यात मीटर ८५ दाखवतो. मग कोकोपीट कोरडंच ठेवू का?

कोकोपीट

नाही. खोलीत २८ अंशाला ८५ टक्के असलेली हवा बल्बखाली ३६ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची तहान वाढलेली असते. पिल्लू दिवसातले कित्येक तास त्याच जागी बसतं. एसी लावलात तर आणखी कोरडं. सुलकाटाच्या पाठीवर उंचवटे येण्याचं मोठं कारण कोरडी हवा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिल्लांना वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवलं होतं, तेव्हा आहारातल्या प्रथिनांपेक्षा आर्द्रतेचाच परिणाम कितीतरी जास्त दिसला. असे उंचवटे नंतर जात नाहीत. म्हणून ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

फवारा मारू नका, त्याने फक्त वरचा थर ओला होतो आणि पोटाखाली बुरशी धरते. चारही कोपऱ्यांत कपभर पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओलसर राहतो आणि वरचा कोरडा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. बल्बकडचं जाळीचं भोक सोडून बाकी झाकण बंद ठेवा.

मीटरची खात्री करून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओलं करा, विरघळवू नका. ते आणि मीटर एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात सात मिळवा. काट्याचे चकतीवाले मीटर घेऊच नका.

दुपारचा_पारा

यात भर: ओलावा आणि थंडी एकत्र आली की न्यूमोनिया. पेटारा दमट ठेवायचा तर रात्री २६ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी ठाण्यात रात्री २० च्या खाली जातात, त्यासाठी उजेड न देणारा ६० वॉटचा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर. थर्मोस्टॅट घेताना २२० व्होल्टचाच मागा, दिसायला तसाच १२ व्होल्टचाही मिळतो. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) केबल टायने आतल्या भिंतीला पिल्लाच्या उंचीवर पक्का बांधा. प्रोब निसटून पेटाऱ्याबाहेर पडला तर त्याला खोलीची थंडी लागते आणि हीटर रात्रभर चालूच राहतो. मे महिन्यात उलट, दुपारी खोलीच ३३-३४ वर असेल तर बल्ब बंद आणि नुसती ट्यूब चालू. ४० च्या वर पिल्लू टिकत नाही.

तबेला_चारा

खाण्याचं. हे गवत खाणारं कासव आहे, पालेभाजी ही तोंडीलावणं. देवळाबाहेर मिळणाऱ्या दूर्वा उत्तम, पण नीट धुऊन. तबेल्यात मिळणारं गजराज गवतही चालतं. कात्रीने सेंटिमीटरभर तुकडे करा, लांब पात पिल्लाला तोडता येत नाही. सोबत जास्वंदाची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग. माठ अधूनमधून. पालक, कोबी नेहमी नको. टोमॅटो, केळं, कलिंगड अजिबात नको, या जातीचं पोट साखरेसाठी नाही. अळू कच्चं कधीच देऊ नका, त्यातल्या सुयांसारख्या स्फटिकांनी तोंड-घसा सुजतो. बाल्कनीत कण्हेर, सदाफुली, मनीप्लांट, डिफेनबाकिया असेल तर टब तिथून लांब ठेवा, गळलेलं पानसुद्धा ते खाईल.

कॅल्शियमसाठी महागडी पावडर नको. काष्ठौषधीच्या दुकानात किंवा पक्ष्यांचं सामान विकणाऱ्याकडे समुद्रफेस मिळतो. एक तुकडा आत टाकून ठेवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर खरवडून पाल्यावर घाला. व्हिटॅमिन डी३ च्या माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका.

रोज सकाळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, पाणी हनुवटीपर्यंत. बहुतेक वेळा शी-शू तिथेच होते, पेटारा स्वच्छ राहतो. लघवीबरोबर येणारं पांढरं दह्यासारखं असेल तर ठीक, खडूसारखं टणक आलं तर पाणी कमी पडतंय.

दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन लिहून ठेवा. दोन आठवडे सलग घट, नाकातून बुडबुडे, मान ताणून तोंडाने श्वास, किंवा पोटाच्या कवचावर गुलाबी मऊ डाग दिसला तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासव तपासत नाहीत, म्हणून फोन करून विचारून नंबर आत्ताच लिहून ठेवा. पहिल्या पंधरवड्यात ताज्या शीची जंत तपासणीही त्यांच्याकडूनच करून घ्या.