मोरचूद, रोहू आणि ९६ तासांचा आकडा

तळेकाठ (भंडारा)
परवा या गटावर एका सभासदाने सल्ला दिला की, तलावातील शेवाळ घालवायचे असेल तर एकरी चार किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) खुशाल सोडावे, कारण ‘रोहूची ९६ तासांची एलसी-५० त्याहून कितीतरी वर आहे’. दोन दिवस गप्प बसलो. आता बसवत नाही. एलसी-५० म्हणजे तेवढ्या तासांत निम्मे मासे ज्या मात्रेला मरतात ती मात्रा; तिच्या खालची प्रत्येक मात्रा निर्धोक असते, हे गणित कोणत्या शाळेत शिकवले जाते? आमच्या सोसायटीच्या तलावात दहातला एक मासा मेला तरी वर्षाचा ठेका अंगावर येतो.

दुसरे असे की, तो आकडा तांब्याचा आहे की मोरचुदाचा, हे त्या सभासदाने सांगितलेले नाही. मोरचुदाच्या खड्यात तांबे जेमतेम चौथा हिस्सा, म्हणजे साडेपंचवीस टक्के असते. कोणी क्षाराचा आकडा छापतो, कोणी धातूचा, आणि वाचणारा दोन्ही एकाच तागडीत घालतो.

सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची आहे. माशाला मारतो तो मुख्यतः पाण्यात मोकळा असलेला तांब्याचा आयन. तो कल्ल्यांवर बसतो आणि माशाला पाण्यातून सोडियम घेऊ देत नाही. पाणी कठीण असेल तर कॅल्शियम त्याची जागा अडवते, क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) चांगली असेल तर कार्बोनेट त्याला बांधून ठेवते, आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अर्कही तेच काम करतो. म्हणूनच एकाच जातीच्या माशाची एलसी-५० मृदू आणि कठीण पाण्यात दहापटीनेही बदलू शकते. आमचे मामा (माजी मालगुजारी) तलाव पावसाच्या पाण्यावर भरतात, म्हणजे पाणी मृदू. माझ्या वडिलांच्या काळात एका हौशी माणसाने वैशाखात असाच शहाणपणा केला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली होती, आणि ती मी मोजली आहे.

संत्राबाग (वरुड)
भाऊ, आपला राग समजला. पण मोरचूद म्हणजे जणू सोमल (आर्सेनिकचे जहर), असे चित्र रंगवू नये. आम्ही बोर्डो मिश्रणासाठी दरवर्षी शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना या प्रमाणात वापरतो, फवारणीचे ड्रम धुतलेले पाणी अनेकदा शेततळ्यात गेलेले आहे, आणि त्यातील कटला आजही पायलीभर खाद्य फस्त करतो. आपल्या वडिलांच्या तलावात मरळ आणि मागूर वाचले होते का, हे आठवून सांगावे. वाचले असतील तर मासे तांब्याने मेले नाहीत, प्राणवायू संपल्याने मेले. कारण हे दोघे वर येऊन हवा घेतात.

तळेकाठ (भंडारा)
मरळ वाचले होते, हे खरे आहे. पण प्राणवायू कोणी संपवला? शेवाळ एकदम मेले, कुजले, आणि पहाटे पाण्यात काही उरले नाही. ते शेवाळ मारले मोरचुदानेच. प्रयोगशाळेतील टाकीत स्वच्छ पाणी असते, हवा सोडलेली असते, माशांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेले असते. तेथे फक्त सरळ विषबाधा मोजली जाते. तलावातील मरण या वळणाने येते आणि ते ९६ तासांच्या तक्त्यात कोठेच बसत नाही. कटला आपल्या चुन्याने आणि विहिरीच्या पाण्याने वाचवला आहे, आपल्या पुण्याईने नव्हे.

माजी प्राध्यापक (चंद्रपूर)
येथे मूळ दुखण्याला कोणी हात घातलेला नाही. तीस वर्षे मी प्राणिशास्त्र शिकवले आणि या काळात ‘अमुक माशावर तमुक धातूची तीव्र विषाक्तता’ या साच्याचे इतके प्रबंध पाहिले की, मासा बदलावा, क्षार बदलावा, आणि पदवी घेऊन घरी जावे, अशी रीतच पडून गेली. जस्त झाले की कॅडमियम, कॅडमियम झाले की मर्क्युरिक क्लोराइड. पाण्याची कठीणता एका ओळीत, तीही मागच्या प्रबंधातून उतरवलेली. टाकीच्या तळाशी निळसर साका बसलेला उघड दिसत असताना, टाकलेली मात्रा तीच माशाला मिळालेली मात्रा, असे धरून प्रोबिटची, म्हणजे मात्रा आणि मृत्यू यांवरून एलसी-५० काढण्याची, रेघ ओढायची. फिनी यांचे प्रोबिट विश्लेषणावरील पुस्तक १९४७ चे आहे; त्या पद्धतीचा दोष नाही. पण खोट्या मात्रेवर काढलेली विश्वासमर्यादा दशांश चिन्हापुढे चार आकडे लिहिल्याने खरी होत नाही.

पीएचडीवाली (गोंदिया)
सर, आपण माझ्या प्रबंधावरच बोलत आहात असे वाटले, म्हणून उत्तर देते. पाण्यातील प्रत्यक्ष तांबे मोजण्यासाठी अणुशोषण वर्णपटमापक लागतो. आमच्या महाविद्यालयात तो नाही, आणि नमुने बाहेर पाठवण्याचे पैसे मी शिष्यवृत्तीतून भरले, तीही आठ महिने उशिरा मिळाली. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, माशांवरील विषचाचणीच्या २०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक मात्रेला किमान सात मासे घेतले, आणि विष न घातलेल्या नियंत्रण टाकीत दहा टक्क्यांहून अधिक मासे दगावल्यामुळे दोन पूर्ण फेऱ्या फेकून दिल्या. त्या दोन फेऱ्यांचे मासे मीच पुरले. साचा कंटाळवाणा आहे, हे मान्य; परंतु तो साचा वर्षानुवर्षे आम्हाला कोणी दिला, हेही आपण एखाद्या दिवशी लिहावे.

माजी प्राध्यापक (चंद्रपूर)
शेवटचे वाक्य लागले. लागायलाच हवे होते, असेही म्हणा हवे तर. तरीही, ज्या आकड्यावर कोणी तलावात चार किलो विष ओतणार आहे, तो आकडा शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून क्षम्य ठरत नाही.

पीएचडीवाली (गोंदिया)
मी आकडा तलावात ओतायला दिलेला नाही. दोन धातूंची किंवा दोन माशांची एकाच पाण्यात तुलना करता यावी, यासाठी ही चाचणी असते. पाण्यानुसार आकडा बदलतो, हे ध्यानात घेऊनच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००७ मध्ये तांब्याचा गोड्या पाण्यासाठीचा निकष गणिती प्रतिमानावर बांधला आणि त्यात सामू (पीएच), कॅल्शियम, क्षारता, विरघळलेला सेंद्रिय कार्बन हे सगळे घेतले. आमच्याकडे मासा मोजतात, पाणी मोजत नाहीत.

मूळ सल्लागार
माझ्यावर एवढी विद्वत्ता खर्ची पडली, याबद्दल मंडळाचा ऋणी आहे. एकरी चार किलो हे मी मीटरभर खोल पाणी धरून सांगितले होते. त्याने लिटरला एक मिलिग्रॅम मोरचूद होते, त्यात तांबे पाव मिलिग्रॅम. हे लिहायचे राहिले, इतकाच माझा अपराध.

संत्राबाग (वरुड)
आणि वैशाखात तेच पाणी गुडघ्याएवढे उरले तर मात्रा दुप्पट होते, हेही राहिले. मत्स्यपालकांचा जुना ठोकताळा असा की, एकूण क्षारतेला (लिटरला मिलिग्रॅममध्ये) शंभराने भागावे आणि येईल तितके मिलिग्रॅम मोरचूद लिटरला घ्यावे. क्षारता पन्नासच्या खाली असेल तर पुडी उघडूच नये. माझ्या विहिरीची क्षारता ३२० आली होती. तरी अडीच मिलिग्रॅमपुढे जायचे नसते. भंडाऱ्याच्या भाऊंचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे. माझे शेततळे म्हणजे त्यांचा मामा तलाव नव्हे. शिवाय माझ्या तळ्यात प्लास्टिक अंथरलेले आहे, तांबे शोषून घ्यायला गाळ नाही, हे मला आत्ताच सुचले आणि फारसे आवडले नाही.

तळेकाठ (भंडारा)
तेवढ्यापुरता का होईना, वरुडकरांनी मुद्दा मान्य केला. मूळ सल्लागारांनी एकच सांगावे: ज्या तलावासाठी हा सल्ला होता, त्याची क्षारता किती आहे?

मूळ सल्लागार
मोजलेली नाही.

पीएचडीवाली (गोंदिया)
लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून महाविद्यालयात पाठवावे. त्याला वर्णपटमापक लागत नाही. ब्युरेट, गंधकाम्ल आणि मिथिल ऑरेंज आमच्याकडेही आहे. तोवर पुडी कपाटात राहू द्यावी.