वॅव्ह टू फ्लॅक स्क्रिप्ट फक्त उबंटूवर चालते, मॅक आणि विंडोजचं काय करू?

सदाशिवपेठ_उबंटू:
आजोबांच्या कीर्तनाच्या ४० कॅसेट्स वॅव्हमध्ये (कॉम्प्रेस न केलेल्या मोठ्या ऑडिओ फाइल्स) उतरवून घेतल्यात, तासाची एक म्हणजे साधारण ६०० एमबी, म्हणून बॅशमध्ये (टर्मिनलच्या कमांडची भाषा) स्क्रिप्ट लिहिली जी एफएफएमपेग या ऑडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमने फ्लॅक करते (आवाज तसाच, फाइल लहान) आणि यादीतून नाव बघून टॅग टाकते. काम घरात वाटून घेतलंय. तर कोथरूडला ताईच्या मॅकवर डिक्लेअरच्या ओळीला एरर, मामाकडे विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) स्लॅश आर असं काहीतरी येतं, आणि काल नीट मोजलं तर माझ्याकडेच ६ फाइल्स झालेल्या नाहीत. मामा सत्तरीचे आहेत हो, त्यांना एकच कमांड सांगता आली पाहिजे.

टर्मिनलवाला:
मॅकवरचं बॅश ३.२ आहे, २००७ च्या सुमाराचं, जीपीएल ३ लायसन्समुळे ॲपलने पुढचं घेतलंच नाही. तुमच्या डिक्लेअरच्या ओळीत असतात ते, नंबराऐवजी नावाने नोंद शोधायचे ॲरे (याद्या) बॅश ४ पासून आले, म्हणून ताईकडे एरर. मामांकडे विंडोजच्या एडिटरमध्ये फाइल सेव्ह झाली असणार, ओळीच्या शेवटी जास्तीचं कॅरेज रिटर्न (न दिसणारं चिन्ह, तेच ते स्लॅश आर) आलंय.

खडकी_ऑडिओ:
राहिलेल्या ६ फाइल्सचं आधी बघा, ते जास्त महत्त्वाचं. यादी ओळीओळीने वाचणाऱ्या व्हाइल रीडच्या लूपमध्ये एफएफएमपेग असेल तर तो पण त्याच इनपुटमधून वाचतो आणि पुढच्या फाइलच्या नावाची पहिली अक्षरं खाऊन टाकतो, मग ती फाइल सापडत नाही. त्याला नोस्टडिन ऑप्शन द्या, म्हणजे तो इनपुट वाचणार नाही. आणि मूळ वॅव्ह इतक्यात डिलीट करू नका प्लीज. बाकी सरळ पायथनमध्ये लिहा, पाथलिबने फाइलचे पाथ, आणि सबप्रोसेसला (पायथनमधून दुसरा प्रोग्रॅम चालवायचं मॉड्यूल) कमांड एका ओळीऐवजी तुकड्यांची लिस्ट म्हणून द्यायची, म्हणजे नावातल्या स्पेसची कटकट राहत नाही.

सदाशिवपेठ_उबंटू:
पायथनमध्ये लिहिलं, माझ्याकडे ४० च्या ४० झाल्या, मामांकडेही चालली. ताईकडे मात्र "दुसऱ्या दिवसाचं कीर्तन" ही एकच फाइल यादीत सापडत नाही, डोळ्यांना तर दोन्ही नावं सेम दिसतात!

टर्मिनलवाला:
डिस्क मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फॉरमॅटची आहे का? ती फाइलचं नाव साठवताना अक्षरं फोडते, दुसऱ्या मधला ऱ म्हणजे र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन कॅरेक्टर होतात. तुमच्या यादीत तो एकच कॅरेक्टर आहे. दोन्हीकडची नावं पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइजमधून एनएफसी (फोडलेली अक्षरं परत जोडलेलं रूप) करून मगच कंपेअर करा.

सदाशिवपेठ_उबंटू:
हो, तिची २०१२ ची डिस्क आहे. एका ओळीत झालं! टॅगसकट फाइल आली, ताई आत्ता ऐकत बसलीये.