मदत हवी आहे : ‘ताबा सुटला’ म्हणून खुनाचा आरोप खाली येईल का? (तातडीचं)

स्वरा_ल
सोमवारी दुपारी बाराच्या आत द्यायचंय आणि दोन दिवस मी एकाच जागी अडकलेय. नवरा वर्षानुवर्षं मारहाण करतो, शेवटी बायको त्याला मारून टाकते. तिचा स्वतःवरचा ताबा सुटला असं मांडलं तर खुनाचा आरोप खाली येईल का? आणि नवऱ्याचं बाहेर प्रकरण होतं, ते धरायचं की नाही? पुस्तकं वाचून झालीत, कृपया नेमकं सांगा.

वकीलकाका
भारतीय दंड संहितेचं कलम ३००, अपवाद १. आता भारतीय न्याय संहितेत १०१. प्रक्षोभ (समोरच्याने भडकवल्याने ताबा सुटणं) गंभीर हवा आणि आकस्मिकही. नानावटी खटला वाचा. बायकोने प्रेमप्रकरणाची कबुली दिल्यावर नौदल अधिकारी नानावटींनी घरच्यांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग तिचा प्रियकर आहुजा, त्याचं घर गाठून त्याला मारलं. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मध्ये डोकं शांत व्हायला पुरेसा वेळ होता. जन्मठेप कायम. तेव्हा मधला वेळ किती, ते आधी मोजा.

गिरगावकर७
पण ज्यूरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं होतं.

वकीलकाका
आणि उच्च न्यायालयाने ते फिरवलं. लोकांना काय वाटतं यावर कलम ठरत नाही.

गिरगावकर७
१९६४ला राज्यपालांनी माफी दिलीच ना शेवटी!

निशा_प
या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का? कुणाच्या घरात असं चालू असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. कायदा नंतर बघता येईल.

स्वरा_ल
नाही ताई, असाइनमेंट आहे! लेस्टरला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्लंडचाच कायदा हवाय.

वकीलकाका
अहो, मग हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तरी तत्त्व तेच.

टेम्सकाठी
तेच नाही, काका. तिथे प्रक्षोभाचा जुना बचाव ४ ऑक्टोबर २०१०पासून गेला. आता कॉरोनर्स अँड जस्टिस ॲक्ट २००९, कलमं ५४ ते ५६. ताबा अचानकच सुटायला हवा ही अट नाही, पण सुटलेला मात्र हवाच. त्याला कारण दोनांपैकी एक, किंवा दोन्ही: मृताकडून गंभीर हिंसेची भीती, किंवा अत्यंत गंभीर असं काही केलं-बोललं गेलं आणि त्यामुळे आपल्यावर घोर अन्याय झाल्याची रास्त भावना. शिवाय तिच्या वयाची, सर्वसाधारण संयमाची बाई त्या परिस्थितीत तशीच वागली असती का, हे ज्यूरी बघते. प्रकरणाबद्दल: निव्वळ व्यभिचार हे कारण धरत नाहीत, पण २०१२च्या क्लिंटन निकालानुसार बाकीच्या कारणांचा संदर्भ म्हणून तो बघता येतो. बचाव टिकला तर मॅनस्लॉटर, म्हणजे खुनाहून खालचा, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा.

अनघा_देश
इंग्लंडमधला किरणजित अहलुवालियाचा खटला विसरू नका. दहा वर्षं छळ सोसून १९८९मध्ये तिने झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. १९९२च्या अपिलात शिक्षा रद्द झाली ती मनोविकारामुळे जबाबदारी कमी झाली, या मुद्द्यावर. स्वरा, तू हाच बचाव घे.

टेम्सकाठी
दोन्ही मांडावेत. पण जबाबदारी कमी झाल्याचं आरोपीला सिद्ध करावं लागतं, वैद्यकीय पुराव्यासकट. ताबा सुटल्याचा पुरेसा पुरावा न्यायाधीशांना दिसला, की तो खोडायची जबाबदारी सरकार पक्षावर येते. हा फरक लिहिलाच पाहिजे.

अनघा_देश
वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईला पुन्हा ‘ताबा सुटला’ म्हणायला लावायचं, हे मला पटत नाही. बऱ्याच जणी भीतीने गोठतात, चिडत नाहीत.

टेम्सकाठी
म्हणूनच भीतीचं कारण कायद्यात आलं. तरी ताबा सुटल्याची अट ठेवली, ही खरी त्रुटी आहे. स्वरा, तो झोपलेला होता का? शेवटच्या मारहाणीनंतर किती वेळ गेला?

स्वरा_ल
हो, झोपलेला. तीन दिवस. आणि आदल्या रात्री तिने उशीखाली चाकू ठेवला होता, ते लिहायचं राहिलं.

वकीलकाका
चाकू! हे आत्ता सांगताय?

टेम्सकाठी
सूड घ्यायचा असं ठरवून केलं असेल तर कलम ५४(४)खाली बचाव संपतो. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं इथे लिही. चाकू ‘तो पुन्हा आला तर’ म्हणून ठेवला, की तो झोपायची वाट बघत?